बहिणीला एमएस निघालाय, घरचे स्टेम सेलसाठी द्राक्षबागेवर कर्ज काढायला निघालेत, माहिती असेल त्यांनी सांगा

तासगावकर_९२

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझी धाकटी बहीण, वय २६, सांगलीत विश्रामबागला एका पतसंस्थेत कामाला आहे. मागच्या वर्षी ऐन छाटणीत तिला उजव्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलं, डोळा इकडं तिकडं फिरवला की आत दुखायचं आणि लाल रंग विटल्यासारखा दिसतो म्हणायची. एका ठिकाणी दाखवलं तर नंबर वाढलाय म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी टेन्शन घेऊ नका म्हणाले. तीन आठवड्यात आपोआप बरं झालं आणि आम्ही पण विसरून गेलो, ते आता फार लागतंय मनाला.

दीड महिन्यापूर्वी पायाच्या बोटांपासून बधिरपणा सुरू झाला तो चढत चढत कमरेपर्यंत आला, पायातली चप्पल निसटून मागं राहायची तरी तिला कळायचं नाही, लघवी अडायला लागली. मग मिरजेत न्युरोला दाखवलं, डोक्याचा आणि मणक्याचा एमआरआय झाला, पाठीतलं पाणी काढून तपासायला पाठवलं आणि निदान आलं मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मणक्यातल्या नसांवर उलटते तो आजार. आमच्या सात पिढ्यांत हे नाव कुणी ऐकलेलं नाही. पाच दिवस रोज एक ग्रॅम स्टेरॉईडचं सलाईन दिलं, आता भिंतीला हात लावत का होईना चालते.

डॉक्टर म्हणतात पुढचा अटॅक, म्हणजे असा नवा त्रास, येऊ नये म्हणून लगेच औषध चालू करू, एकतर रिट्युक्सिमॅब दर सहा महिन्यांनी सलाईनमधनं नाहीतर डायमिथाईल फ्युमरेटच्या गोळ्या रोज. आता अडचण अशी आहे की आईनं कुणाकडनं तरी ऐकलं की रिट्युक्सिमॅब कॅन्सरचं औषध आहे, तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरत नाही. आणि दुसरीकडं आमच्या एका पाहुण्यांनी वडिलांना एका सेंटरचा व्हिडिओ दाखवलाय, तिथं पोटाच्या चरबीतनं स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी काढून पाठीत सोडतात, नसा नव्यानं तयार होतात म्हणे, तीन बैठका आणि आठ लाख. वडील बागेवर कर्ज काढायला तयार आहेत, सोसायटीत जाऊन चौकशी पण करून आलेत. मला मोबाईलवर असं पण दिसलं की एमएसचं कारण सापडलं, विषाणू आहे. मग विषाणू आहे तर त्याचं औषध का देत नाहीत? तिला एक चांगलं स्थळ आलं होतं, त्याचं काय करायचं हे तर घरात कुणी तोंडातनं काढत पण नाही. ज्यांनी हे भोगलंय किंवा ज्यांना यातलं खरंच कळतंय त्यांनी सांगा, डॉक्टरांवर अविश्वास नाही पण पाच मिनिटात सगळं विचारून होत नाही.

प्रीतिसंगम

भावा, आधी वडिलांना सोसायटीत जाण्यापासनं थांबव, बाकीचं नंतर वाच.

माझ्या थोरल्या भावाला २००८ ला एमएस निघाला. २००९ मध्ये इटलीतल्या पाओलो झांबोनी नावाच्या डॉक्टरांनी सांगितलं की एमएसच्या लोकांच्या मानेतल्या शिरा अरुंद असतात, रक्त मेंदूत तुंबतं, त्या शिरा फुग्याने फुगवून मोकळ्या केल्या की माणूस सुधारतो. त्याला तेव्हा लिबरेशन म्हणायचे. जगभरातनं लोक धावले, परदेशातनं पेशंट विमानं करून भारतात यायचे त्यासाठी. आम्ही पण २०११ ला केलं. कऱ्हाडजवळचा रस्त्याकडेचा प्लॉट होता दोन गुंठ्यांचा, वडिलांनी महिन्याभरात विकला, घाईचा सौदा म्हणजे काय भाव आला असेल तू समजून घे. करून आल्यावर पहिले पंधरा दिवस भाऊ खरंच ताजातवाना वाटत होता, आम्ही पेढे वाटले, आणि चौथ्या महिन्यात डावा पाय गेला. आणि सगळ्यात वाईट काय तर त्या सेंटरमधल्या माणसानं सांगितलं म्हणून आम्ही त्याची इंजेक्शनं बंद केली होती. ती बंद झाली नसती तर पाय राहिला असता का हे मला रात्री अजून पण सुचतं.

पुढं २०१७ ला झांबोनींनीच इटलीत मोठी ट्रायल करून छापलं, काही पेशंटच्या शिरा खरंच फुगवल्या, काहींना नुसतं केल्यासारखं दाखवलं, पेशंटला कळू न देता, आणि दोन्हीत फरक काही नाही, एमएससाठी हे करू नका असं त्यांनी स्वतःच लिहिलं. कॅनडात १०४ लोकांवर केली तिथं पण तेच. माणसानं स्वतःची चूक स्वतः तपासून कबूल केली त्याचा मी मान ठेवतो, पण ते आठ वर्षांनी आलं आणि आमचा प्लॉट आणि भावाचा पाय आधीच गेला होता. आठ लाख, व्हिडिओ, बरे झालेले पेशंट कॅमेऱ्यासमोर, हे सगळं आम्ही बघितलेलं आहे रे.

अजिंक्यतारा_पायथा

दादा, मी साताऱ्याची, वय ४१, मला एमएस होऊन सोळा-सतरा वर्षं झाली. आधी एक सांगते, मी नोकरी करते, स्वयंपाक करते, मुलगा शाळेत आहे, डावा पाय थोडा ओढत चालते आणि उन्हाळ्यात जास्त. बहिणीला हे वाचून दाखवा, कारण निदान झाल्यावर मी सगळ्यात आधी नेटवर व्हीलचेअरचेच फोटो बघितले होते आणि आठ दिवस झोपले नव्हते.

२००९ मध्ये उजवा हात बधिर झाला तेव्हा एमआरआय मध्ये मेंदूत डाग (आजारानं इजा झालेल्या जागा) दिसले तरी डॉक्टर म्हणाले दुसरा अटॅक आला तरच एमएस म्हणता येईल, तोपर्यंत थांबू. दोन वर्षं थांबलो आणि तो आला. आता तसं थांबवत नाहीत, २०१७ ला निदानाचे नियम बदलले, डाग योग्य जागी असतील आणि पाठीच्या पाण्याच्या तपासणीत अँटिबॉडीचे ते ठराविक पट्टे दिसले की पहिल्याच अटॅकला निदान करून औषध चालू करतात. तुमच्या बहिणीचं पाणी काढलं ते बहुतेक याचसाठी.

मला २०११ पासून इंटरफेरॉन, आठवड्याला एक इंजेक्शन. ते एमएसवरचं सगळ्यात पहिलं औषध, अमेरिकेत १९९३ ला आलेलं. त्याच्या आधी लोकांना अटॅक आला की स्टेरॉईड द्यायचे आणि पुढचा येईपर्यंत वाट बघायचे, दुसरं काही हातातच नव्हतं. इंटरफेरॉनने अटॅक साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी होतात. मी शुक्रवारी रात्री घ्यायचे कारण शनिवारी थंडी वाजून ताप, अंग मोडून येणं, आणि इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवायचं तर आमच्याकडं तेव्हा लोडशेडिंग, सासूबाई बर्फाच्या डब्यात गुंडाळून ठेवायच्या. नंतर २०१६ ला फिंगोलिमोडची गोळी, पहिल्या गोळीला सहा तास दवाखान्यात बसवून ठेवलं होतं नाडी मंद होते म्हणून. ती गोळी कधीही मनानं बंद करायची नाही, बंद केल्यावर आधीपेक्षा जोरात अटॅक येऊ शकतो. २०१९ पासून रिट्युक्सिमॅब, सहा महिन्यांनी पुण्याला जाते. तेव्हापासून एमआरआय मध्ये एक पण नवीन डाग नाही. जुने आहेत ते आहेत, पाय ओढतो तो ओढतोच, कुठल्या औषधानं तो परत आलेला नाही. म्हणून म्हणते डाग पडायच्या आधी औषध पोटात जाऊ द्या, मला ती पहिली दोन वर्षं परत मिळणार नाहीत.

आईंना सांगा, कॅन्सरचं आहे हे खरं आहे, रक्तातल्या बी पेशींच्या (या प्रतिकारशक्तीच्या, अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) कॅन्सरसाठीच ते निघालं. संधिवाताला पण देतात. एमएसला त्याच पेशी कमी करायच्या असतात म्हणून देतात, तुमच्या मुलीला कॅन्सर आहे म्हणून नाही, केस पण गळत नाहीत.

लग्नाचं. माझं लग्न निदानाच्या आधी झालं होतं पण मुलगा नंतर, २०१४ ला. गरोदरपणात उलट बरं वाटतं, शेवटच्या तीन महिन्यांत अटॅक सगळ्यात कमी असतात, आणि बाळंतपणानंतरचे तीन महिने जपायचे असतात, मला अडीच महिन्यांनी आलाच. कुठली औषधं गरोदरपणात चालत नाहीत ते आधी विचारायचं, फिंगोलिमोड, टेरीफ्लुनोमाईड, क्लॅड्रिबिन ही अजिबात नाहीत, म्हणून मूल हवं असेल तर ते पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालायचं. मुलाला एमएस व्हायची शक्यता शंभरात दोन-तीन, म्हणजे सत्त्याण्णवांना होत नाही. स्थळाला मात्र सांगूनच करा. लपवून केलेलं फ्रीजमधल्या पहिल्या इंजेक्शनाला उघडं पडतं.

मिरज_टू_पुणे

मूळचा मिरजेचा, पुण्यात क्लिनिकल ट्रायलमध्ये कोऑर्डिनेटर आहे, मेंदूविकाराच्या ट्रायल्सवर बरीच वर्षं काम केलंय. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. तुमचे प्रश्न चांगले आहेत त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

विषाणूचं आधी. बातमी खरी आहे. एपस्टीन बार नावाचा विषाणू, जानेवारी २०२२ मध्ये हार्वर्डच्या लोकांनी सायन्स या नियतकालिकात छापलं. अमेरिकन सैन्यात एचआयव्ही तपासणीसाठी दर काही वर्षांनी रक्त घेतात आणि त्याचा उरलेला नमुना जपून ठेवतात, असे एक कोटीहून जास्त जवान, वीस वर्षांचे नमुने. त्यातल्या ९५५ जणांना नोकरीत असताना एमएस झाला. ज्यांचे नमुने तपासता आले त्या ८०१ जणांपैकी एक सोडून बाकी सगळ्यांना एमएसच्या आधी हा विषाणू होऊन गेलेला होता, आणि ज्यांना आधी नव्हता त्यांना तो झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट वाढला. दुसऱ्या कुठल्या विषाणूनं असं झालं नाही. त्याच महिन्यात स्टॅनफर्डच्या टीमने दाखवलं की या विषाणूतलं एक प्रथिन आणि मेंदूतलं एक प्रथिन यांचा एक तुकडा जवळजवळ सारखा दिसतो, त्यामुळं विषाणूशी लढायला तयार झालेली अँटिबॉडी चुकून आपल्याच मेंदूवर जाते.

पण जगातल्या शंभर मोठ्या माणसांत पंच्याण्णवांना हा विषाणू होऊन गेलेला असतो, तुम्हाला मला पण. आणि भारतात एमएस कमी, मंगळुरूला मोजदाद झाली त्यात लाखात आठच्या आसपास, युरोपात काही देशांत लाखात शंभर-दोनशे. म्हणजे विषाणू लागतोच, पण नुसत्या विषाणूनं होत नाही, त्याला जीन्स, ड जीवनसत्त्व, सिगारेट, लहानपणचा लठ्ठपणा असं बाकीचं पण जुळून यावं लागतं. आणि विषाणू बी पेशीत आयुष्यभर लपून बसतो, त्याला तिथनं हुसकावणारं औषध आज हातात नाही, लशींवर काम चालू आहे. बी पेशी काढणारी औषधं एमएसला एवढी का लागू पडतात याचं एक कारण हेच असावं असं बऱ्याच संशोधकांना वाटतं, अजून पक्कं नाही.

रिट्युक्सिमॅब. पूर्वी सगळे समजत होते एमएस हा टी पेशींचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या जातीच्या पेशींचा आजार आहे. २००८ मध्ये १०४ पेशंटवर छोटी ट्रायल झाली, रिट्युक्सिमॅब दिलेल्यांच्या मेंदूतले ताजे डाग ९१ टक्क्यांनी कमी आले, आणि लोकांची समजूतच बदलली. नंतर मात्र कंपनीने रिट्युक्सिमॅब पुढं न नेता त्याच जातीचं नवीन औषध ओक्रेलिझुमॅब पुढं नेलं, ते अमेरिकेत २०१७ ला आलं आणि महाग आहे. रिट्युक्सिमॅबच्या पाकिटावर त्यामुळं एमएस लिहिलेलं नसतं. पण स्वीडनमध्ये ते वर्षानुवर्षं एमएसला देतात आणि त्यांनी २०२२ ला तुमच्यासमोर जो प्रश्न आहे नेमका त्याचीच ट्रायल छापली, रिट्युक्सिमॅब की डायमिथाईल फ्युमरेट. दोन वर्षांत गोळीवाल्यांपैकी १६ टक्क्यांना अटॅक आला, रिट्युक्सिमॅबवाल्यांपैकी ३ टक्क्यांना. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी पहिल्यांदाच औषधं घातली, तीन, त्यात रिट्युक्सिमॅब आहे. आणि भारतीय बनावटीचं रिट्युक्सिमॅब आपल्याकडं २००७ पासून मिळतं, म्हणून ते आपल्या आवाक्यात आहे. मिरजेचे डॉक्टर तुम्हाला जे सांगतायत ते स्टॉकहोमला पण तेच सांगतील.

तोटे पण आहेत. प्रतिकारशक्ती कमी होते, सुरू करायच्या आधी कावीळ बी, टीबी, इम्युनोग्लोब्युलिन (रक्तातल्या अँटिबॉडींचं प्रमाण) तपासायचं, राहिलेल्या लशी आधी घेऊन टाकायच्या. कावीळ बी लपलेली असली तर या औषधाने उसळते, ती तपासणी झाल्याशिवाय पहिलं सलाईन लावून घेऊ नका.

आता स्टेम सेल, आणि इथंच सगळी गल्लत आहे, कारण एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. एक खरी आहे. त्यात पेशंटच्या रक्तातल्या मूळ पेशी काढून बाजूला ठेवतात, जोरदार केमो देऊन बिघडलेली प्रतिकारशक्ती पुसून टाकतात आणि मग त्या पेशी परत सोडतात. नस नव्यानं तयार करणं हा त्याचा हेतूच नाही, मारणारं सैन्य बरखास्त करून नवीन भरती करणं एवढाच आहे. २०१९ ला ११० पेशंटची ट्रायल छापली, सगळे असे की औषध चालू असून अटॅक येत होते, त्यात हे केलेल्या ३ जणांचा आजार पुढं सरकला आणि औषधावर ठेवलेल्या ३४ जणांचा. आकडा मोठा आहे, पण ती मोठ्या दवाखान्यात बोनमॅरो युनिटला महिनाभर भरती राहून करायची गोष्ट आहे, जिवाला धोका असतो, मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो, आणि औषध लागू पडत नाही अशांसाठी आहे. तुमच्या बहिणीनं अजून पहिलं औषध पण घेतलेलं नाही.

दुसरी म्हणजे तुमच्या पाहुण्यांची, चरबीतनं काढून पाठीत सोडायची. त्या जातीच्या पेशींची ९ देशांत १४४ पेशंटवर नीट ट्रायल झाली, त्या बोनमॅरोमधनं काढून शिरेतनं दिल्या होत्या, २०२१ ला निकाल आला, डागांवर परिणाम शून्य. त्रास झाला नाही तेवढंच. आणि आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की मान्यता मिळालेल्या ट्रायलच्या बाहेर असे स्टेम सेल पेशंटला देणं हा गैरव्यवहार आहे. त्या सेंटरला एवढंच विचारा की तुमचा सीटीआरआय नंबर काय, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला नंबर. भारतात २००९ पासून प्रत्येक ट्रायलची तिथं नोंद सक्तीची आहे, साईट सगळ्यांना खुली आहे, नंबर टाकून बघता येतो. आणि खऱ्या ट्रायलमध्ये पेशंटला आठ लाख मागत नाहीत, ट्रायलचं औषध फुकट असतं, संमतीपत्र तुमच्या भाषेत मिळतं, त्यावर इथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो आणि काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणं बंधनकारक आहे. मी रोज ती संमतीपत्रं मराठीत समजावून सांगतो, पेशंट नाही म्हणाला तर चहा पाजून परत पाठवतो, दबाव नाही.

एक महत्त्वाचं, डोळा आणि मणका दोन्ही धरलेत म्हणून विचारतो, एक्यूपी४ आणि एमओजी या अँटिबॉडी तपासल्यात का? एनएमओ नावाचा एमएससारखाच दिसणारा आजार आहे, त्याची अँटिबॉडी २००४ ला सापडली, त्याआधी दोन्ही एकच धरायचे. आपल्याकडं तो बऱ्यापैकी दिसतो आणि एमएसची काही औषधं, इंटरफेरॉन, फिंगोलिमोड, त्यात उलटी पडतात. ही रक्ताची तपासणी असते, फाईलमध्ये बघा, नसेल तर डॉक्टरांना विचारा, राग येणार नाही त्यांना.

तासगावकर_९२

सर, ताई, अण्णा, काय बोलू. वडिलांना शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. प्लॉटचं ऐकल्यावर ते उठून बागेत गेले, तासाभरानं आले आणि म्हणाले त्या पाहुण्याला नंबर विचार. मी विचारला. आधी म्हणाले पाठवतो, मग म्हणाले आमचं ट्रायल नाही, आमची थेरपी आहे. बागेचा विषय वडिलांनीच बंद केला.

एक्यूपी४ ची फाईलमध्ये पावती सापडली, रक्त पाठवलेलं आहे, रिपोर्ट गुरुवारी. टीबी आणि कावीळ अजून केलेली नाही, उद्या करतो. अजून एक, परवा तिनं गरम पाण्यानं अंघोळ केली आणि अर्धा तास डोळ्यापुढं परत धुरकट, आम्ही रडकुंडीला आलो, मग आपोआप गेलं. अटॅक होता का?

अजिंक्यतारा_पायथा

नाही हो दादा, घाबरू नका. अंग तापलं की जुने डाग असलेल्या नसेतनं करंट नीट जात नाही, गार झालं की परत येतं. उथॉफ म्हणून जर्मन डॉक्टर होते, त्यांनी १८९० मध्येच लिहून ठेवलंय. अटॅक म्हणजे नवीन त्रास चोवीस तासांपेक्षा जास्त टिकला आणि ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन नसलं तर. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला जातो तेव्हा जपा, बँकेची कामं सकाळी, ओला पंचा मानेवर, कोमट पाणी. मी उन्हाळ्यात गार पाण्यात पाय सोडून भाजी निवडते.

हळदबाजार

आमच्या घरात तीन पिढ्या सांगलीला हळदीचा व्यापार आहे म्हणून विचारतो. माझ्या चुलतबहिणीला एमएस आहे आणि तिला आम्ही रोज दुधातनं हळद देतो, हळदीतल्या कर्क्युमिनवर एमएससाठी संशोधन चालू आहे असं वाचलं. औषधासोबत चालू ठेवली तर हरकत आहे का? तिला बरं वाटतं म्हणते.

मिरज_टू_पुणे

दूध-हळद चालू ठेवा, त्यानं वाईट होत नाही. कर्क्युमिननं उंदरांच्या एमएससारख्या आजारात फरक पडलेला दिसला हे खरं, पण ते आतड्यातनं रक्तात फार थोडं उतरतं आणि माणसात औषधाची जागा घेईल असं काही सिद्ध झालेलं नाही. गोळ्यांच्या रूपात जास्त प्रमाणात द्यायचं असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, लिव्हरचा प्रश्न येऊ शकतो आणि एमएसच्या काही औषधांना लिव्हर तपासत राहावी लागते. घरगुती म्हणून ड जीवनसत्त्वाकडं जास्त लक्ष द्या, फ्रान्समध्ये पहिल्याच अटॅकच्या पेशंटना मोठे डोस देऊन बघितले, २०२५ ला छापलं, दोन वर्षांत आजार परत डोकं वर काढण्याचं प्रमाण ७४ टक्क्यांवरनं ६० वर आलं. पण तो डोस पंधरवड्याला एक लाख युनिट होता, मनानं घेण्यासारखा नाही.

प्रीतिसंगम

सर, माझ्या भावासारख्यांसाठी काही आहे का, आता अटॅक येत नाहीत पण दरवर्षी थोडं थोडं उतरत चाललाय. त्याच्यासाठीच्या बातम्या वाचायचं मी सोडूनच दिलं होतं.

मिरज_टू_पुणे

आहे थोडं, आशेवर ठेवायचं म्हणून सांगत नाही. आत्तापर्यंतची बहुतेक औषधं रक्तातल्या पेशींवर काम करतात, पण तुमच्या भावासारख्यांचा आजार मेंदूच्या आत धुमसत असतो, तिथल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशींमध्ये. टोलेब्रुटिनिब नावाची गोळी मेंदूच्या आत शिरते, अटॅक न येणाऱ्या पण वाढत जाणाऱ्या एमएसमध्ये तिच्यामुळं अपंगत्व वाढण्याचा धोका ३१ टक्क्यांनी कमी झाला, ट्रायल २०२५ ला छापली. याच गोळीनं अटॅकवाल्या एमएसमध्ये मात्र अटॅक जुन्या गोळीपेक्षा जास्त कमी केले नाहीत, म्हणजे अटॅक येणं आणि हळूहळू वाढत जाणं या आतनं वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यातनं कळलं, आणि माझ्या मते ते कळणं औषधाइतकंच मोलाचं आहे. लिव्हरला गंभीर इजा झाल्याच्या घटना आहेत त्यामुळं जपून. दुसरीकडं कोलेस्टेरॉलच्या सिम्वास्टॅटिनवर फार आशा होती, मोठ्या ट्रायलमध्ये ती फोल ठरली. भावाचं वय, शेवटचा एमआरआय आणि सध्या किती चालता येतं ते घेऊन एकदा न्युरोला भेटा, बऱ्याच वर्षांत गेला नसाल तर नक्की.

फिजिओ_वाई

मधेच बोलते. औषध चालू होईपर्यंत बहिणीला घरात झोपवून ठेवू नका, पूर्वी विश्रांती सांगायचे, आता व्यायाम सांगतात. तोल सांभाळायचे व्यायाम, पोटऱ्या ताणणं, रोज थोडं चालणं, थकवा यायच्या आधी थांबणं. लघवीचा त्रास लाजून लपवू देऊ नका. आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ज्या २१ प्रकारांची नोंद आहे त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे, पुढं गरज पडली तर यूडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी अर्ज करता येतो, तपासून टक्के ठरवतात. प्रीतिसंगम दादा, भावाचं काढलंय का? नसेल तर लगेच काढा. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून आहे, पुण्यात शाखा आहे, तिथं पेशंट एकमेकांना भेटतात.

तासगावकर_९२

गुरुवार उजाडला. एक्यूपी४ आणि एमओजी दोन्ही निगेटिव्ह, म्हणजे एमएसच. कावीळ नाही, टीबी नाही. सोमवारी पहिलं रिट्युक्सिमॅब, मिरजेतच. आई येते म्हणतेय सोबत. ताई, किती वेळ लागतो, काय न्यायचं? आणि बहिणीनं स्वतः विचारायला सांगितलंय की पुढच्या सोमवारी ती कामावर जाऊ शकेल का.

अजिंक्यतारा_पायथा

आईंना नक्की न्या. पहिल्या वेळी पाच-सहा तास धरा, फार हळू सोडतात. आधी तापाची गोळी, ॲलर्जीचं आणि स्टेरॉईडचं इंजेक्शन देतात, त्यानं गुंगी येते. मधे घसा खाजला, अंगावर पित्त उठलं, थंडी वाजली तर सिस्टरना लगेच सांगायचं, थोडा वेळ थांबवून परत हळू चालू करतात, पहिल्या वेळी बऱ्याच जणांना होतं. पांघरूण न्या, पुढं बटणं असलेला सैल ड्रेस, घरचा डबा, चार्जर. वॉर्डात कुणी खोकत असेल तर बेड बदलून मागा. कामावर बुधवारी पण जाईल कदाचित, मी जाते, पण पहिल्या वेळी आठवडा घेऊ दे. तिला माझा निरोप द्या आणि संध्याकाळी सलाईन संपलं की इथं एक ओळ टाका, मी वाट बघते.